गोलामागची जागा

"आपलं मैदान विकायचंय," टेरी म्हणाला. "गिऱ्हाईक मिळालंय."

मी कॉम्प्युटरवरून मान वर केली. "कोण?"

"मीच."

एवढं बोलून तो माझ्या टेबलाच्या कडेवर बसला आणि माझ्या डब्यातला शंकरपाळा न विचारता उचलून तोंडात टाकला. टेरी ऑल्डकॉट हा हार्डवेल टाऊन फुटबॉल क्लबचा मालक. हार्डवेल म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेकडचं एक करड्या दगडाचं, वाऱ्याचं गाव. कापडाच्या गिरण्या कधीच बंद पडलेल्या, पण क्लब मात्र देशातल्या दुसऱ्या श्रेणीत टिकून. टेरी तिथलाच. बाथरूमच्या टाइल्स विकून मोठा झालेला आणि मोठा झाल्यावर लहानपणीचा क्लब विकत घेतलेला. मी बार्शीची हेमलता सुरवसे, त्या क्लबची हिशेबनीस.

मे महिना होता. सीझन संपला होता आणि जूनअखेर वर्षाचे हिशेब बंद व्हायचे होते. आमच्या लीगचा नियम असा, की क्लबने तीन वर्षांत मिळून ठरावीक मर्यादेपर्यंतच तोटा सोसायचा. मालक कितीही गबर असला तरी त्याने खिशातून पैसा ओतून खेळाडू आणायचे आणि सामने जिंकायचे, असं चालायचं नाही. मर्यादा ओलांडली की पुढच्या सीझनला गुण कापतात. आम्ही ती चांगलीच ओलांडली होती. वरच्या श्रेणीत जायच्या नादात टेरीने दोन महागडे फॉरवर्ड आणले. एकाचा गुडघा पहिल्याच महिन्यात गेला आणि दुसरा मैदानभर धावायचा, फक्त गोलाकडे जायचा नाही.

मग लंडनहून ज्युलियन नावाचा सल्लागार आला. गोड बोलणारा, पावसातही बूट चकचकीत ठेवणारा माणूस. त्याने फट दाखवली. मैदान क्लबच्या हिशेबात आजोबा-पणजोबांच्या काळातल्या किमतीला पडून होतं. टेरीने आपल्याच दुसऱ्या कंपनीच्या नावाने ते आजच्या किमतीला विकत घ्यायचं. दोन किमतींमधला फरक तो क्लबचा नफा, आणि त्या नफ्याने तोटा झाकला जायचा. मग क्लबने त्याच मैदानाचं भाडं त्याच टेरीला द्यायचं आणि खेळत राहायचं. त्या काळी नियमात याला मनाई नव्हती. पुढे लीगने ती फट बुजवली, पण तोवर त्यातून बरेच जण बाहेर पडले होते.

"म्हणजे डाव्या खिशातून उजव्या खिशात," मी म्हणाले.

"आणि मधे ज्युलियनच्या खिशात थोडं," टेरी म्हणाला आणि आणखी एक शंकरपाळा घेऊन गेला.

मला यात काही वावगं वाटलं नाही, हे आधीच सांगते. गुण कापले गेले असते तर आमचा संघ खालच्या श्रेणीत जाणार हे नक्की होतं. खालच्या श्रेणीत टीव्हीचा पैसा आटतो, आणि पैसा आटला की कात्री लागते ती ऑफिसातल्या लोकांना. माझा तर व्हिसाच या नोकरीवर उभा होता. तेव्हा मैदान विकलं जावं, कागद वेळेत व्हावेत, अशी मी रोज सकाळी देवापुढे उदबत्ती लावताना प्रार्थना करत होते.

त्या उन्हाळ्यात आप्पा, माझे वडील, माझ्याकडे राहायला आले होते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, पण बार्शीत त्यांची ओळख पेटीवाले आप्पा. केशवबुवा वैरागकरांच्या कीर्तनाला त्यांनी जन्मभर पेटीची साथ केली. मी रांगायला शिकले ती कीर्तनाच्या सतरंजीवर. पूर्वरंग संपता संपता मला झोप लागायची आणि उत्तररंगात बुवा आख्यानाला उभे राहिले, झांज वाजली की जाग यायची. अजूनही गाडी चालवताना मी कीर्तनच लावते. सिग्नलला शेजारच्या गाडीतला गोरा बघतो, मी त्याला हात करते.

घरी एकटे बसून आप्पांचा जीव कोंडायचा, म्हणून मी त्यांना सोबत क्लबात नेऊ लागले. ते रिकाम्या स्टँडमध्ये टोपी घालून बसत आणि माळी गवत पेरताना बघत. टेरी त्यांना 'मिस्टर आप्पा' म्हणे. आप्पांनी त्याचा लगेच टेरीराव केला. आप्पांचं इंग्रजी शाळेतलं, सावकाश आणि व्याकरणशुद्ध. टेरीचं उत्तरेकडचं, अर्धे शब्द गिळलेलं. मला दुभाषी व्हावं लागायचं.

असंच एकदा आप्पा पेटी वाजवतात हे त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या टाइल्सच्या टेम्पोतून एक गोधडीत गुंडाळलेलं धूड आलं आणि ड्रेसिंग रूमबाहेरच्या बोळात उतरलं. आप्पांनी गोधडी बाजूला केली आणि खालीच बसले.

"हेमे, अगं पायपेटी आहे ही," ते म्हणाले. "नाटकवाल्यांकडे असायची तसली. मी हिला हात लावला त्याला पन्नास वर्षं झाली असतील."

ती टेरीच्या आईची होती. डॉरिस ऑल्डकॉट गावातल्या लहान चर्चमध्ये दर रविवारी भजनाला ती वाजवायची. शनिवारी क्लबचा सामना, रविवारी पायपेटी, असा तिचा आठवडा. ती गेल्यावर चर्च बंद पडलं आणि पायपेटी टेरीच्या गॅरेजमध्ये गेली. उंदरांनी भाता कुरतडला होता. आप्पांनी माझ्याकडून सरस, कात्री आणि जुन्या रेनकोटाचं कापड मागवलं आणि बोळात मांडी ठोकली. टेरी, तीन गोदामांचा मालक, शेजारी बसून सरसाची डबी धरून होता.

त्या कामाच्या नादात आप्पांनी त्याला तबकाची गोष्ट सांगितली. मी तर्जुमा करत होते.

आमच्याकडे कीर्तन संपलं की आरती होते आणि आरतीचं तबक लोकांमधून फिरतं. जो तो त्यात बुवांसाठी यथाशक्ती टाकतो. पण पहिलं नाणं पाच रुपयांचं पडलं की मागचे सगळे पाचावरच अडतात. म्हणून आमच्या आळीतले एक व्यापारी, बाळाप्पाशेठ, तबक निघताना सर्वांना दिसेल अशी शंभराची कोरी नोट आधी टाकत. ती बघून लोकांचे हात सैल सुटत. आणि सगळे पांगले, की बाळाप्पाशेठ आपली नोट हळूच उचलून परत खिशात घालत. पुढच्या कीर्तनाला तीच नोट. वर्षानुवर्षं.

"आणि तुमचे बुवा गप्प बसायचे?" टेरीने विचारलं.

आप्पांनी सरसाचं बोट पुसलं. "बुवा म्हणायचे, फिरू दे नोट. फिरल्यानं कुणाचं नुकसान होत नाही. पण ती दान नाही. ज्या दिवशी ती घरी परत जाणार नाही, त्या दिवशी दान."

मी ते इंग्रजीत सांगितलं. टेरी इतका हसला की डबी कलंडली. म्हणाला, "हेच शिकवायला ज्युलियनने माझ्याकडून केवढे पैसे घेतलेत. तुमच्या शेठजीने फुकट शिकवलं असतं."

आता या गावच्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर फिरलं. हार्डवेलमध्ये जन्मभर क्लबच्या मागे धावलेलं माणूस गेलं, की त्याची राख मैदानाच्या उत्तरेकडच्या गोलामागे पुरतात. गोल आणि रस्त्याच्या भिंतीमधली ती एक लांबट पट्टी. दगड नाही, नावाची पाटी नाही. मे महिन्यात नवं गवत पेरायच्या वेळी एका रविवारी क्लबचे पाद्री ब्रायन येतात, दोन ओळी वाचतात, वर्षभरात गेलेल्यांची राख मातीत जाते. राखेने गवत जळतं म्हणून माळी कुरकुरतो, म्हणून मग गवताच्या बियाण्यासाठी लोकांमध्ये एक टोपी फिरवतात. डॉरिसही तिथेच होती.

त्या वर्षीच्या रविवारी पायपेटी मैदानाच्या कडेला आणून ठेवली. वारा सुटला होता, पाद्र्यांच्या हातातलं पान फडफडत होतं. पाचसहा कुटुंबं आली होती, कुणी क्लबचे गळपट्टे घातलेले, कुणी नातवंडं काखेत घेतलेली. पाद्री ब्रायन वाचून थांबले तसे आप्पांनी पाय हलवायला सुरुवात केली. काय वाजवणार, हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं. त्यांनी बुवांची नामाची चाल धरली, ती सावकाश चढत जाणारी, जिच्यावर आमच्याकडे सगळा मंडप टाळ्या धरतो. इथे कुणाला शब्द माहीत नव्हते. पण तिसऱ्या आवर्तनाला एका म्हातारीने गुणगुणायला सुरुवात केली, मग तिच्या शेजाऱ्याने, आणि हळूहळू सगळेच नुसत्या स्वरांत गाऊ लागले. मी टाळी धरली. डोळे मिटले तर बार्शी आणि उघडले तर गोलची जाळी. त्या दोन्हींत मला काही फरक वाटेना. टेरी पायपेटीच्या मागे हात बांधून उभा होता, लाकडावर नजर लावून.

मग टोपी निघाली. टेरीने आप्पांकडे बघितलं, खिशातून वीस पौंडांची नोट काढली, दोन बोटांत धरून सगळ्यांना दिसेल अशी हवेत नाचवली आणि पहिली टाकली. लोकांचे हात खरोखरच सैल सुटले. आणि सगळे पांगल्यावर, आप्पांसमोर येऊन, त्याने टोपीत हात घातला, ती नोट काढून सफाईने खिशात टाकली आणि डोळा मारला. आप्पांना हसता हसता ठसका लागला.

"बाळाप्पाशेठ," ते त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत राहिले. "हेमे, हा बाळाप्पाशेठच."

त्यानंतरच्या आठवड्यात जमिनीची किंमत ठरवणारा माणूस येऊन गेला. त्याचा अहवाल ज्युलियनने आणला. आकडा आम्हाला हवा होता तेवढाच होता, पण त्याला एक अट होती. आजची किंमत म्हणजे त्या जागी घरं बांधता येतील असं धरून काढलेली किंमत. आणि घरं बांधायची तर रस्ता फक्त उत्तरेकडून होता, गोलामागच्या पट्टीवरून. ती पट्टी धरली तर आकडा जमतो. सोडली तर किंमत जवळजवळ अर्धी होते आणि आम्ही परत मर्यादेच्या बाहेर. म्हणून मालकाने एक निवेदन द्यायचं होतं, की आपल्या माहितीप्रमाणे या जमिनीत कुणाचेही अवशेष पुरलेले नाहीत.

सही करायला आम्ही वरच्या मीटिंगच्या खोलीत बसलो. खिडकीतून उत्तरेकडचा गोल समोर दिसतो. साक्षीदाराची सही माझी होती. खाली बोळात आप्पा मला न्यायची वाट बघत पायपेटीशी खेळत होते. ठिगळ लावलेला भाता मधेच दमल्यासारखा आवाज करायचा.

टेरीने चष्मा लावून ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. "अवशेष म्हणजे?"

ज्युलियन म्हणाला की हा ठरावीक मजकूर आहे, सगळ्याच व्यवहारांत असतो. शिवाय राख म्हणजे काही दफन नव्हे. कुठे नोंद नाही, दगड नाही. कायद्याच्या नजरेने तिथे कोणीही नाही. त्याने पेन टेरीच्या हातात दिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या बाजूने सगळं बरोबरच होतं.

टेरी पेन धरून बसून राहिला. मग माझ्याकडे वळला.

"हेमा, सही नाही केली तर काय होईल?"

मी सरळ सांगितलं. गुण कापले जातील, बहुतेक नऊ. आपण खाली जाऊ. टीव्हीचा पैसा जाईल. कपडे धुणाऱ्या मॉरीनपासून माणसं कमी करावी लागतील.

"तुझं काय?"

"ऑफिसातून पहिली मीच."

"आणि केली तर?"

"केली तर काहीच होणार नाही," मी म्हणाले. मला त्याला धीर द्यायचा होता.

"तेच," टेरी म्हणाला. "काही होणार नाही. माझी आई तिथे नव्हतीच, एवढंच होईल."

खाली पायपेटी चालू होती. त्याने पेनला टोपण लावलं आणि ते ज्युलियनसमोर ठेवलं. ज्युलियनने पुन्हा समजावलं, दुसऱ्या शब्दांत, मग तिसऱ्या. टेरीने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "मी टाइल्स विकताना इटलीच्या म्हणून कुठल्या कुठल्या खपवल्यात, तुला कल्पना नाही. माझं खोट्याशी काही भांडण नाही. पण ते तिच्यासमोर, तिच्या खिडकीत बसून नाही." आणि उठून खाली गेला. मी गेले तेव्हा तो बोळात आप्पांशेजारी भिंतीला टेकून उभा होता.

घरी जाताना गाडीत मी रडले. आप्पांना सगळं सांगितलं. नोकरी जाईल, व्हिसा जाईल, कर्ज काढून इथे आले ते कशासाठी. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "दुसरी मिळेल गं," ते म्हणाले. "हिशेब येतो तुला. पण त्याला दुसरी आई कुठून मिळणार होती?" मला त्या क्षणी ते अजिबात पटलं नाही. इतकं चांगलं वागायला त्याला काय जातं, जातं ते माझं, असं मनात आलं.

आणि त्याचंही गेलंच. नऊ गुण कापले. शेवटच्या सामन्याला आम्ही खालच्या श्रेणीत गेलो आणि ज्या लोकांच्या आईबापांसाठी त्याने सही केली नाही, त्यांनीच उत्तरेकडच्या स्टँडमधून त्याला शिव्या घातल्या. त्याने कारण पाद्री ब्रायनशिवाय कधी कुणाला सांगितलं नाही. मलाही बजावलं होतं. माझी नोकरी गेली, पण जाण्याआधी त्याने स्वतः फोन करून, हातापाया पडून, शेजारच्या शहरातल्या एका बेकरीच्या कंपनीत मला लावून दिलं. व्हिसासकट. मी अजून तिथेच आहे.

दोन वर्षांनी त्याच्या टाइल्सच्या कंपनीला बँकेने टाळं लावलं. गोदामं गेली, घर गेलं, गाड्या गेल्या. तेव्हा मला त्या दिवसाचा खरा हिशेब लागला. पलीकडच्या ब्रॅकनशॉ गावच्या क्लबच्या मालकाने आमच्याच वर्षी मैदान स्वतःलाच विकलं होतं. त्याचा धंदा बसला तेव्हा मैदान त्याच्या कर्जात बुडालं. आज तिथे लाल विटांची घरं आहेत आणि ब्रॅकनशॉचा संघ दुसऱ्याच्या मैदानावर भाड्याने खेळतो. टेरीने सही केली असती तर आमचंही तेच झालं असतं. पण हार्डवेलचं मैदान हार्डवेलच्याच नावावर राहिलं होतं. क्लब विकायला निघाला तो मैदानासकट, आणि गावातल्या लोकांनी वर्गणी काढून तो विकत घेतला. खालच्या श्रेणीतला क्लब, स्वस्त होता. त्यांना परवडला.

टेरी दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायला गेला. सामन्याला येतो तो तिकीट काढून. आता कुणी शिव्या घालत नाही. पाद्री ब्रायननी कधीतरी न राहवून सांगून टाकलं असावं.

आप्पा त्याच उन्हाळ्याच्या शेवटी बार्शीला परतले होते. पुढे पाच वर्षांनी, केशवबुवांच्या पुण्यतिथीच्या कीर्तनात साथ करून घरी आले, हातपाय धुतले, आणि झोपेतच गेले. अस्थी आम्ही गाणगापूरच्या संगमावर सोडल्या. मी परत येताना पितळेच्या करंड्यात चिमूटभर रक्षा ठेवून घेतली. का घेतली हे माझं मलाही सांगता आलं नसतं. टेरीला फोनवर फक्त कळवायचं म्हणून कळवलं. तो म्हणाला, "आईच्या डाव्या हाताला जागा आहे. तिला साथीला पेटीवाला लागेल."

त्या मे महिन्याच्या रविवारी तो बसने आला. कोट जुनाच, कोपरावर विरलेला. बोळातली पायपेटी आम्ही बाहेर काढली. आप्पांनी लावलेलं रेनकोटाचं ठिगळ अजून धरून होतं. पाद्री ब्रायन आता काठी घेऊन चालतात. त्यांनी दोन ओळी वाचल्या, मी करंडा उपडा केला, आणि कपाळाला लावून उरलेला बुक्का वर सोडला. मग पायपेटीपुढे बसून मी बुवांची चाल धरली. माझा हात आप्पांसारखा नाही, चुकले. पण तिसऱ्या आवर्तनाला लोकांनी ती उचलली, अगदी बरोबर. इतक्या वर्षांत दर मे महिन्यात ते ती गात आलेत, शब्दांशिवाय, हे मला तेव्हा कळलं.

टोपी निघाली. टेरीने कोटाच्या आतल्या खिशात बराच वेळ चाचपलं. वीसची नोट काढली, दोन बोटांत धरून हवेत नाचवली आणि पहिली टाकली. माझ्याकडे बघून डोळा मारला. मला हसू आलं आणि रडूही.

टोपी फिरत फिरत शेवटी माझ्याकडे आली. लोक पांगत होते. मी ती हातात घेऊन उभी राहिले, तो येईल आणि हात घालेल म्हणून. नाण्यांखाली नोटेचा कोपरा दिसत होता.

मग मी फाटकाकडे बघितलं. टेरी रस्ता ओलांडून पलीकडे पोचला होता, बसच्या थांब्यावर, कॉलर वर करून, पाठमोरा.